पाच खड्यांची गौर

टण्!

ताम्हनात काहीतरी पडल्याचा तेवढा एकच आवाज आला आणि मागच्या खोलीत मैथिलीचं मोजणं चुकलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या खवल्यावरच्या रेषा ती मोजत होती. सतरा झाल्या होत्या की अठरा? तिनं डोळा वर काढला, तेव्हा लक्षात आलं की नवल त्या आवाजाचं नव्हतंच, नवल होतं आधीच्या शांततेचं. अर्धा तास झाला, घरात कुणी 'आई' म्हणून हाक मारली नव्हती. पाच वर्षांची लेक जागी असताना असं होत नसतं.

मग आठवलं. आज गुरुवार, आज गौर यायची. यांच्याकडे खड्यांची गौर. ती आणणाऱ्या कुमारिकेनं तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि पाणवठ्यापासून देवघरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. यंदा तो मान निशिगंधाचा होता. दोन दिवस ती न्हाणीत सराव करत होती. दर वेळी हसू फुटायचं आणि आरशावर फवारा उडायचा.

"मैथिली, ये गं! गौर दारात आली!"

सासूबाईंची हाक ऐकून ती धावली. मागच्या दारात निशू उभी होती. परकर-पोलकं, टम्म फुगलेले गाल, बटाट्याएवढे डोळे. हातातल्या ताम्हनात पाच ओले खडे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. त्यातला एक निसटून पडला असणार, त्याचाच तो आवाज. पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेलं, म्हणून गौर अंगणातल्या हौदावरूनच आणलेली. निशूच्या मागे बायडाबाई, इतका वेळ काखेत धरलेली थाळी आता सूड उगवल्यासारखी बडवायला लागलेल्या. या घरात त्या वीस वर्षं कामाला येत होत्या. निशूचं अर्धं बोलणं त्यांच्याकडून आलेलं होतं.

लीलाताईंनी नातीच्या पायांवर दूध-पाणी घातलं. शेजारच्या आक्का उंबऱ्याच्या आत उभ्या राहून विचारायला लागल्या.

"कोण आली?"

"गौर आली!"

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली!"

"कुठनं आली?"

"सासरहून आली, माहेरपणाला आली!"

कुंकवाच्या पावलांवरून निशू एकेक पाऊल टाकत देवघरात पोचली. तांदूळ पसरलेल्या वाडग्यात लीलाताईंनी खडे मांडले. ओल्या हळदीचा जाड लेप दिला, वर कुंकू, वर गेजवस्त्र. निशू तशीच धावत गेली, तुळशीपाशी चूळ टाकली आणि अंगणातूनच ओरडली, "आजी, मी एक थेंब पण गिळला न्हाय!"

"नाही म्हण."

"नाही गिळला न्हाय!"

आक्का हसल्या. लीलाताई मात्र वाडग्याकडेच बघत होत्या. मग आक्कांकडे वळून म्हणाल्या, "यंदा खडे मैथिलीनं काढून ठेवले हो. धुऊन, पुसून. मला सांगितलंसुद्धा नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा."

मैथिली गोंधळली. तिनं कुठले खडे काढून ठेवले होते? तिला तर गौर आज आहे हेच आत्ता आठवलं होतं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ती नुसती हसली. बायडाबाईंनीच कुठूनतरी आणले असतील आणि श्रेय आपल्या नावावर घातलं असेल, असं मनाशी म्हणून ती खोलीत परतली.

खिडकीत पितळेची वाटी होती. सकाळी वाटीत सात खडे होते. आता दोन होते.

तिनं ते दोन उचलले, उलटे केले, उजेडात धरले. दोन्ही साधे. ती खाली बसली ती थेट फरशीवरच.

वाटीत एकतीस नंबरचा खडा होता. त्याला खडा म्हणायचं ते बाहेरच्यांनी. एका बाजूला तो काळा गुळगुळीत दगड, दुसऱ्या बाजूला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या माशाचं नाकाड. तर्जनीच्या पेराएवढं हाड आणि त्यात ओळीनं बारीक दात. आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या लाव्हाचा झाला, तो लाव्हा थांबून थांबून वाहिला होता. मधल्या उसंतीत तळी साचली, तळ्यांत मासे झाले, आणि पुढच्या लाव्हानं सगळ्यावर झाकण घातलं. तशा एका तळ्याच्या मातीत, तिकडे चंद्रपूरच्या बाजूला, मैथिलीला तो सापडला होता. तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं.

मासा 'गार' नावाच्या कुळातला. सुसरीसारखं लांब तोंड, अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराची, मिन्याचं काम केल्यासारखी चकचकीत खवली. बायडाबाईंच्या दिराला गेल्या वर्षी तळ्यात असलाच एक जिवंत मिळाला होता. कुणीतरी घरच्या काचेच्या पेटीत पाळलेला, पेटीत मावेना तेव्हा गुपचूप सोडून दिलेला. "इळी मारली तर इळीच वाकली की वो वैनी!" असं त्या अजून सांगायच्या. आज हे मासे आपणहून राहतात ते फक्त अमेरिकेच्या बाजूला. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते आपल्याकडे कसे? तेव्हा आपली भूमी म्हणजे चहूबाजूंनी समुद्र असलेलं, उत्तरेकडे सरकणारं बेट. गोड्या पाण्याचा मासा बेटावर आला कुठून? उत्तरेकडून, की आफ्रिका-ब्राझील-भारत एकमेकांना चिकटलेले होते तेव्हापासूनचा, दक्षिणेचा वारसा घेऊन? खवली काही सांगत नव्हती. सांगितलं तर नाकाडच सांगणार होतं.

सोमवारी पुण्यात तो खडा यंत्रात घालून आतून पाहायचं ठरलं होतं. चार महिन्यांनी मिळालेली वेळ. प्रबंधाची मुदत महिनाअखेरची. ती दोनदा वाढवून झालेली, एकदा निशूच्या जन्माला आणि एकदा निशूच्या कांजिण्यांना. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असं तिच्या मार्गदर्शक घाटगे मॅडमनी प्रेमानं पण स्पष्ट सांगितलेलं. म्हणून तर दातांवरची माती सुटावी यासाठी तिनं खडा रात्रभर पाण्यात ठेवला. पाण्यात त्याच्यावरचा पांढरा नंबर निघून गेला. मग तिनं तो वाटीत वाळत घातला, तो सापडला तिथल्याच ओढ्यातल्या सहा साध्या खड्यांबरोबर. ते सहा तिनं आधी धुऊन बघायला आणले होते. नंबर पुन्हा घालू, घालू म्हणेपर्यंत निशूला जेवायला वाढायची वेळ झाली होती.

बायडाबाई हौदावर भांडी घासत होत्या.

"बायडाबाई, खिडकीतल्या वाटीतले खडे..."

"व्हय की! तुमीच काढून ठिवल्यालं न्हवं? सात हुतं. गौरीला पाच लागत्यात, पाच घेतलं, दोन ठिवलं. बाईंस्नी म्हटलं, बगा, सून दिसभर दगडं दगडं करती म्हंतासा, पर गौरीची आठवन ठिवलीच की न्हाय?"

"मग? आई काय म्हणाल्या?"

"काय म्हनत्यात! पदरानं डोळं पुसलं."

मैथिलीच्या तोंडातही मग चूळ भरल्यासारखं झालं. शब्द होते, पण बाहेर काढायचे कसे?

लीलाताई संस्कृतच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या त्याच वर्षी निशू झाली. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार त्या नातीला घेऊन आपल्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. 'तू लिही' एवढंच म्हणायच्या. काय लिहितेस, हे कधी विचारलं नाही. मैथिली हरतालिका विसरली, एकदा तर संक्रांत विसरली, तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. मैथिलीनं आज जे केलंच नव्हतं, त्यासाठी मात्र त्यांनी डोळे पुसले होते. संध्याकाळी फोनवर इचलकरंजीच्या बहिणीला सांगताना त्यांचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. "अगं, वाटीत! पितळेच्या! घासून लख्ख केलेल्या!"

वाटी बायडाबाईंनी घासली होती.

अभिराम कागलच्या एमआयडीसीतून घरी आला, तेव्हा मैथिलीनं त्याला जिन्यातच गाठलं. तो ओतकामाच्या कारखान्यात होता. रोज वितळलेलं लोखंड बघणाऱ्या माणसाला दगडाचं फारसं काही वाटत नसे.

"मग उचल की! त्या जागी दुसरा ठेव. कुणाला कळतंय?"

"गौर बसली की हलवत नाहीत, अरे."

"बरं, हळूच उचल."

"पण कुठला उचलू?"

"म्हणजे? तुझा कुठला ते तुला कळंना?" तो थांबला. "सहा वर्षं बघतीयस की गं तो खडा."

तेच तर तिला लागलं. डोळे मिटून हातात दिला तरी ओळखीन, असं ती म्हणायची. आता पाच पिवळे गोळे होते, एकसारखे. नाकाडाची बाजू तांदळात खाली गेलेली. मगाशी आरतीच्या वेळी तिनं निरांजनाच्या उजेडात नीट पाहिलं होतं. डावीकडचा तिसरा तिचा वाटला. आरती संपेपर्यंत पहिला वाटायला लागला.

"मग पाचही उचल," अभिराम म्हणाला आणि तिचं तोंड बघून मुकाट्यानं हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य. सकाळपासून घरात नारळाच्या दुधाचा वास. हळदीकुंकवाला बायका आल्या, लीलाताईंनी प्रत्येकीला वाटीची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर पडत होती. चौथ्यांदा सांगेपर्यंत मैथिलीनं म्हणे खडे पहाटे उठून धुतले होते. बायका मैथिलीकडे कौतुकानं बघायच्या आणि ती ओटी भरता भरता खाली बघायची. मधेच फोन वाजला. मॅडमचा निरोप होता: 'एकतीस नीट कापसात गुंडाळून आणा.' तिनं 'हो' लिहिलं. मग बराच वेळ त्या 'हो'कडे बघत बसली.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती देवघरात गेली. ओच्यात भिंग होतं. ती वाडग्यासमोर मांडी घालून बसली. भिंगातून पाहिलं तर हळदीला तडे गेलेले, सुकलेल्या तळ्याच्या तळासारखे. पहिला खडा पाहिला. हा जरा लांबट, हाच. दुसरा पाहिला. याला इथं उंचवटा, हाडाचा असेल? तिसऱ्याला कडेला काळं काहीतरी दिसत होतं. की कुंकवाचा डाग? हे माझ्याच डोळ्यांचे खेळ आहेत का? सहा वर्षं आपण खरंच त्या माशाला बघत होतो, की त्याच्यावर घातलेल्या नंबराला?

आणि आणखी एक विचार आला, जो यायला नको होता. उचलून नेला आणि सोमवारी पुण्यात तो साधाच निघाला तर? खरा इथून पाण्यात जाईल आणि मी दुसराच कापसात गुंडाळून घेऊन जाईन.

तिनं हात पुढे केला. बोटं हळदीला लागायला वीतभर उरली असतील.

"आई, गौर झोपलीय."

दारात निशू. केस विस्कटलेले, एका हातात उशी.

"आजी म्हणाली, ती माहेरी आलीय, तिला कुणी उठवायचं नाही. आज जेवायचं, झोपायचं. उद्या दहीभाताची शिदोरी घेऊन सासरी जायचं."

मैथिलीनं हात मागे घेतला. "हो गं. मी नुसती बघत होते."

"मी पण बघते," म्हणून निशू मांडीत येऊन बसली आणि दोन मिनिटांत तिथेच झोपली. मैथिली तास दीड तास हलली नाही. पायाला मुंग्या आल्या. मांडीत लेक आणि समोर पाच खडे. मधेच तिला वाटलं, लीलाताईंना उठवावं आणि सगळं सांगून मोकळं व्हावं. मग फोनवरचा आवाज आठवायचा. पितळेच्या!

शनिवारी अकरा वाजता उत्तरपूजा. अंगणात बायडाबाई थाळी घेऊन तयार. महापालिकेनं चौकात विसर्जनाची काहील मांडली होती, तिथे जायचं होतं. लीलाताईंनी दहीभात केळीच्या पानात बांधला. गौरीवर अक्षता टाकल्या, वाडगा किंचित हलवला आणि 'पुन्हा ये गं बाई' म्हणून नमस्कार केला. वाडगा निशूच्या हातात द्यायला त्या वळल्या.

"आई, यातला एक माझा आहे."

आपण बोललो हे मैथिलीला आपला आवाज ऐकूनच कळलं. लीलाताई वाडगा धरून तशाच उभ्या.

"तुझा म्हणजे?"

मग तिनं सगळं सांगितलं. भराभर, उलटसुलट, आधी पुणं, मग वाटी, मग मासा. बायडाबाईंनी थाळी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "आग्गं बया! मीच खुळी."

"तू गौरीसाठी काढले नव्हतेस तर," लीलाताई म्हणाल्या.

"नाही."

"मी सगळ्यांना सांगितलं."

"ऐकलं मी. तेव्हाच सांगायला हवं होतं. जमलं नाही."

लीलाताईंचा चेहरा मावळला, आणि तो मावळताना मैथिलीला बघावा लागला. तिला वाटलं, मॅडमना फोन करून 'हरवला' म्हणून सांगणं याहून सोपं होतं. निशू एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत होती. तिनं पाणीबिणी काही न घेता गाल फुगवून धरले होते.

"किती जुना म्हणालीस?"

"साडेसहा कोटी वर्षं."

"आणि मी त्याला घावन खायला घातले," लीलाताई म्हणाल्या. हसल्या की नाही, कळलं नाही. मग त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "हे बघ. अक्षता टाकल्या, वाडगा हलवला, की गौर गेली. मागे उरतो तो दगड. दगडाला हात लावायला कुणाची ना नाही. बायडाबाई, ताम्हनात पाणी आणा."

"बाई, पर पाच आनल्या तर पाच जायाला पायजेत न्हवं?"

"वाटीत दोन आहेत ना? त्यातला एक घ्या. गौर पाचांचीच जाईल."

ताम्हनात पाचही खडे पडले. टण्, टण्. लीलाताईंनी स्वतः एकेक चोळायला घेतला. पाणी पिवळं झालं. पहिला साधा. दुसरा साधा. तिसरा त्यांनी अर्धवट धुतला आणि बोट थांबवलं. "हे खरखरीत काय लागतंय?"

मैथिलीनं तो खडा जवळजवळ हिसकावून घेतला. अंगणातल्या उन्हात भिंग धरलं आणि बघतच राहिली. हळद गुळगुळीत दगडावरून निघून गेली होती, पण दातांच्या मुळाशी मुरून बसली होती. तिथल्या बारीक घड्या, ज्या सहा वर्षांत तिला धड दिसल्या नव्हत्या, पिवळ्या रेघांनी आखून दिल्यासारख्या उठल्या होत्या. एक, दोन, तीन... तिला अमेरिकेतल्या माशाचं चित्र आठवलं. घड्या थेट तशा. म्हणजे उत्तरेचा! तिनं भिंग वर सरकवलं. हाडावर हळदीनं उठवलेले बारीक दाणे होते, मोहरीसारखे. ते ब्राझीलच्या माशाच्या फोटोत होते, तसे. म्हणजे दक्षिणेचा?

"काय दिसतंय?" लीलाताईंनी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"दात उत्तरेचे दिसतायत आणि हाड दक्षिणेचं. आई, मला काही कळेनासं झालंय."

"बघू." त्यांनी चष्मा वर करून भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "हळद सोमवारपर्यंत धुऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. मग भिंग परत देताना, तिच्याकडे न बघता, "आणि पुढच्या वर्षी खडे तू काढून ठेव. आठवणीनं."

"ठेवीन."

"मी बी आठवन करीन की," बायडाबाई म्हणाल्या आणि थाळी उचलली.

काहिलीपाशी गर्दी होती. निशूनं पाच खडे एकेक करून पाण्यात सोडले आणि शिदोरीचं पान कडेला ठेवलं. सहावा मैथिलीच्या मुठीत होता, रुमालात. परत येताना निशूनं ती मूठ उघडायला लावली. भिंग मागितलं, उलटं धरलं, मग सुलटं धरलं.

"याला दात आहेत."

"हो. मासा आहे तो."

"हा आपल्या घरीच राहणार?"

"सोमवारी पुण्याला जाऊन येणार. मग घरी."

निशूनं मागे काहिलीकडे बघितलं, पुन्हा खड्याकडे.

"गौर माहेराहून सासरी गेली ना? मग आई, या माशाचं माहेर कुठलं?"